लपून वांचण्याचा खेळ

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, ज्या माणसानें छत्तीस वर्षें पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यांत घालविलीं, त्यानें संगणकावरील एका भयप्रद खेळाविषयीं बोलावें ही गोष्ट आपणांस विचित्र वाटेल. मलाही ती तितकीच विचित्र वाटते. मी जुना मॅट्रिक. आमच्या लहानपणीं खेळ म्हणजे विटीदांडू, लपंडाव, आणि फार तर कोणाच्या ओसरीवर कॅरमचा पट. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा नातू पुण्याहून आमच्या धाराशिवास आला, आणि त्याच्यामुळें माझा या नव्या विद्येशीं परिचय झाला.

दुसऱ्याच दिवशीं सायंकाळीं मी त्याच्या खोलींत डोकावलों. दिवा मालवलेला, कानांवर हेडफोन, आणि संगणकाच्या पडद्यावर नुसत्या चार-पांच आडव्या फटी. त्या फटींतून एक अंधुक बोळ दिसत होता. मी पांच मिनिटें उभा राहिलों. पडद्यावर कांहींच घडेना. शेवटीं मीं विचारलें, “अरे, हें यंत्र बिघडलें आहे काय?” त्यानें मान न वळवितां हलक्या आवाजांत उत्तर दिलें, “आबा, बोलूं नका. मी कपाटांत आहें. तो बाहेर आहे.”

एकोणीस वर्षांच्या, अभियांत्रिकी शिकणाऱ्या धडधाकट मुलाला जो खेळ कपाटांत कोंडून ठेवतो, आणि ज्यांत तो मुलगा आनंद मानतो, त्या खेळांत आहे तरी काय, हें जाणून घ्यावेंसें मला वाटलें. पुढील पंधरा दिवस मी रोज त्याच्या शेजारीं खुर्ची टाकून बसलों. मला जें दिसलें, जें आवडलें आणि जें खटकलें, तें आज आपणांपुढें मांडतों.

या खेळाचें नांव ‘एलियन: आयसोलेशन’. पहिल्या शब्दाचा अर्थ येथें परग्रहावरील जीव असा घ्यावयाचा, आणि दुसऱ्याचा एकाकीपणा असा. इंग्लंडांतील हॉर्शम या गांवच्या ‘क्रिएटिव्ह असेंब्ली’ नांवाच्या मंडळीनें तो रचला आणि जपानच्या ‘सेगा’ कंपनीनें ७ ऑक्टोबर २०१४ रोजीं तो प्रसिद्ध केला. हीच मंडळी त्यापूर्वीं ‘टोटल वॉर’ या नांवाच्या, मोठमोठ्या सैन्यांच्या लढायांच्या खेळांबद्दल विख्यात होती. हजारों सैनिक पटावर मांडणाऱ्यांनीं एक माणूस आणि एक शत्रु एवढ्याच भांडवलावर खेळ उभारावा, याचें मला कौतुक वाटलें.

कथेचें मूळ १९७९ सालीं आलेल्या ‘एलियन’ या इंग्रजी चित्रपटांत आहे. रिडली स्कॉट हे त्याचे दिग्दर्शक. ‘नॉस्ट्रोमो’ नांवाच्या मालवाहू अंतराळयानांत एक परका जीव शिरतो आणि यानावरील सात जणांना एकेक करून टिपूं लागतो. एलेन रिप्ले नांवाची एक अधिकारी स्त्री तेवढी वांचते. योगायोग असा कीं, त्याच १९७९ सालीं आपल्याकडे जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा विज्ञानकथांचा संग्रह प्रसिद्ध झाला. नारळीकरांच्या कथा वाचतांना आकाशांतून येणारें अज्ञात हें बहुधा बुद्धीला घातलेलें कोडें असतें. या चित्रपटांतील अज्ञात मात्र कोणतेंही कोडें घालीत नाहीं. तें भुकेलेलें असतें, इतकेंच.

खेळाची कथा चित्रपटानंतर १५ वर्षांनीं, म्हणजे इसवी सन २१३७ मध्यें घडते. एलेनची मुलगी अमांडा ही यंत्रें दुरुस्त करणारी कारागीर. आई कामावर गेली ती परत आली नाहीं, एवढेंच तिला ठाऊक. ‘नॉस्ट्रोमो’ यानाची नोंदपेटी ‘सेव्हास्टोपोल’ नांवाच्या अंतराळस्थानकावर सांपडली आहे असें कळतांच ती तिकडे जाते. तें स्थानक मोडकळीस आलेलें. माणसें भेदरून एकमेकांवर गोळ्या झाडणारीं. आणि छतांतील हवेच्या नळांतून तो जीव फिरत असलेला. मुलगी आईचा शोध घ्यावयास निघते, हें इतकें साधें कारण आहे कीं तें समजण्यास अंतराळशास्त्र लागत नाहीं.

या जातीच्या खेळांना ‘सर्व्हायव्हल हॉरर’ म्हणतात. म्हणजे भयांतून जीव वांचविण्याचे खेळ. १९९६ सालच्या ‘रेझिडेंट ईव्हिल’ या जपानी खेळानें हें नांव रूढ केलें. इतर खेळांत खेळणारा शूर असतो, त्याच्यापाशीं शस्त्रांचा सांठा असतो, आणि शत्रु गवतासारखे कापले जातात. येथें उलटा प्रकार. गोळ्या मोजक्या, औषधें थोडीं, आणि शत्रु आपल्याहून बलवान. ‘एलियन: आयसोलेशन’ तर याही पुढें जातो. यांतील जीवाला मारतांच येत नाहीं. ज्वाला फेकणारें एक यंत्र पुढें हातीं येतें. त्यानें तो तात्पुरता पळतो. पण जसजसा खेळ पुढें जातो तसतसा तो त्या ज्वालांना कमी जुमानूं लागतो. खेळणाऱ्यानें लपावें, वांकून चालावें, श्वास रोखावा, भंगारांतून आवाज करणारी एखादी वस्तु बनवून ती दूर फेकावी आणि तो तिकडे वळतांच निसटावें, हाच काय तो मार्ग.

आतां आपण विचाराल कीं, संगणकांतील प्राण्याला घाबरावयाचें कशासाठीं? तो ठरलेल्या वेळीं ठरलेल्या दारांतूनच येणार ना? मीही हेंच विचारलें. नातवानें जें समजावून सांगितलें तें ऐकून या कारागिरांविषयीं माझा आदर वाढला. त्या जीवाच्या हालचालींमागें दोन मेंदू आहेत. एक मेंदू म्हणजे पडद्याआडचा सूत्रधार. खेळणारा कोठें आहे हें त्याला सदैव ठाऊक असतें. परंतु तो तें त्या जीवाला कळवीत नाहीं. तो केवळ सुचवितो कीं अमुक बाजूस जाऊन पाहा. दुसरा मेंदू त्या जीवाचा स्वतःचा. त्याच्याजवळ फक्त डोळे आणि कान. पावलांचा आवाज, दाराची खडखड, बत्तीचा उजेड यांवरून त्यानें स्वतः माग काढावयाचा. शिवाय खेळणाऱ्यावर किती वेळ ताण पडला याचाही सूत्रधार हिशेब ठेवतो, आणि ताण फार झाला कीं त्या जीवाला कांहीं काळ दूर धाडतो.

ज्यांनीं शाळेची तपासणी अनुभवली आहे त्यांना हें चटकन् कळेल. तालुक्याच्या कचेरींत बसलेल्या साहेबांना कोणत्या शाळेंत काय चाललें आहे हें पक्कें ठाऊक असतें. ते तपासनिसाला एवढेंच म्हणतात, “आज नळदुर्गाच्या बाजूस जाऊन या.” तपासनीस कोणत्या शाळेपाशीं उतरेल, कोणत्या वर्गांत शिरेल, हें त्याचें त्यालाही ठाऊक नसतें. म्हणून त्या रस्त्यावरील प्रत्येक शाळा सकाळपासून श्वास रोखून बसते. सूत्रधारानें जर त्या जीवाला नेमका पत्ता सांगितला असता, तर खेळणाऱ्याला अन्याय वाटला असता. आणि कांहींच सांगितलें नसतें, तर तो जीव रिकाम्या बोळांतून वेड्यासारखा भटकत राहिला असता. या दोहोंच्या मधली जागा शोधणें हेंच या खेळाचें मोठें यश आहे.

अमांडाच्या हातांत एक लहानसें यंत्र असतें. आसपासची हालचाल तें ठिपक्याच्या रूपानें दाखवितें आणि टिक्-टिक् असा आवाज करतें. हें यंत्र म्हणजे मोठा आधार असें प्रथम वाटतें. पण त्याच्याकडे पाहूं लागलें कीं समोरचें दृश्य अंधुक होतें. ठिपका आपल्याच मजल्यावर आहे कीं डोक्यावरच्या नळांत, हें तें सांगत नाहीं. आणि जो निश्चल उभा आहे, तो त्यांत दिसतच नाहीं. तात्पर्य, त्या यंत्रानें जें कळतें त्याहून जें कळत नाहीं त्याचीच धास्ती अधिक वाटते.

खेळाचें बाह्य रूपही विचारपूर्वक घडविलें आहे. गोष्ट बाविसाव्या शतकांतील, पण यंत्रें मात्र १९७९ सालच्या माणसाच्या कल्पनेंतील: जाड कांचेचे पडदे, त्यांवर हिरवीं अक्षरें, मोठाले खटके, फितींचीं यंत्रें. मूळ चित्रपटाच्या वेळचीं जतन केलेलीं रेखाटनें आणि छायाचित्रें या मंडळीस अभ्यासावयास मिळालीं होतीं. खेळांतील पडद्यांवर दिसणारीं चित्रें त्यांनीं जुन्या व्हिडिओ फितींवर उतरविलीं, लोहचुंबकानें बिघडविलीं, आणि मगच खेळांत घातलीं. आमच्या शाळेंत पहिला संगणक आला तेव्हां त्याचा पडदा असाच थरथरत असे. नातवाला जें नवलाचें वाटलें, तें मला ओळखीचें वाटलें.

परंतु माझ्या मतें या खेळाचा प्राण त्याच्या ध्वनींत आहे. आपल्या जिल्ह्यांत नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदीवर बंधारा आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटांत पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत १६१३ सालीं तो बांधला गेला. पावसाळ्यांत नर आणि मादी नांवाच्या दोन धारांनीं पाणी खालीं कोसळतें, आणि माणूस मात्र पाण्याच्या आड कोरड्या दालनांत उभा असतो. मीं तेथें अनेक वर्षें मुलांच्या सहली नेल्या. जिना उतरूं लागलें कीं उजेड कमी होतो, पाण्याचा घोष वाढतो, आणि वाटेंत अखंड बडबडणारीं मुलें कोणीही न सांगतां गप्प होतात. डोळ्यांचें काम कानांकडे जातें. भिंतीपलीकडे केवढें पाणी आहे हें दिसत नाहीं, फक्त ऐकूं येतें. म्हणून तें प्रत्यक्षाहून मोठें होतें. या खेळांतही तो जीव क्वचितच दिसतो. त्याचीं पावलें वाजतात, नळांत कांहीं घासतें, एखादें झांकण आदळतें. खेळाच्या कांहीं यंत्रांवर तर अशी सोय आहे कीं, खेळणाऱ्याच्या खोलींत झालेला खराखुरा आवाजही त्या जीवाला ऐकूं जातो. आमच्या घरच्या संगणकावर ती सोय नव्हती हें बरें झालें. नाहींतर आमच्या स्वयंपाकघरांतील कुकरच्या तिसऱ्या शिटीनें अमांडाचा रोज बळी गेला असता.

हें झालें गुणवर्णन. आतां दोषांकडे वळूं.

पहिली तक्रार आहे ती प्रगतीच्या नोंदीची. आपण कोठवर आलों हें नोंदून ठेवण्यास बहुतेक नव्या खेळांत कांहीं करावें लागत नाहीं. येथें भिंतींवर ठराविक ठिकाणीं दूरध्वनीसारखें एक यंत्र असतें. तेथवर पोंचावयाचें, आपलें कार्ड आंत सरकवावयाचें, आणि तीन दिवे एकामागून एक लागेपर्यंत उभें राहावयाचें. तिसरा दिवा लागला कीं नोंद झाली. त्या थोड्या अवधींतही तो मागून येऊं शकतो. दोन यंत्रांमधील अंतर कधीं कधीं फार असतें, आणि वाटेंत मरण आलें कीं मधला सारा प्रवास पुन्हां करावा लागतो. या योजनेनें प्रत्येक पावलाला किंमत येते, हें मान्य केलें पाहिजे. पण तिच्यापायीं रागही येतो, हेंही तितकेंच खरें.

एका रात्रीं नातू असाच कार्ड सरकवून उभा होता. पाऊण तास जपून चालत तो तेथवर आलेला. पहिला दिवा लागला, दुसरा लागला, आणि तेवढ्यांत आमच्या गल्लींतील वीज गेली. घरचा इन्व्हर्टर दिवे-पंख्यांपुरता. संगणक त्यावर चालत नाहीं. काळोखांत दोघेही कांहीं वेळ स्तब्ध बसलों. मग तो म्हणाला, “आबा, त्यानें मारलें असतें तर इतकें वाईट वाटलें नसतें.” मला त्यांत मोठें मर्म दिसलें. नियमानें आलेलें अपयश माणूस सोसतो. नियमाबाहेरचें सोसत नाहीं.

दुसरा दोष लांबीचा. मूळ चित्रपट दोन तासांच्या आंत आटोपतो. हा खेळ पुरा करावयास सामान्यतः अठरा ते वीस तास लागतात. कीर्तनकाराला आख्यान कोठें आवरावें हें कळावें लागतें. तें न कळलें तर रंगलेलें कीर्तनही श्रोत्यांना जांभया आणतें. या खेळांत आतां संपलें असें दोन-तीनदां वाटतें आणि तो संपत नाहीं. वीज सुरू करा, दार उघडा, पुन्हां त्याच बोळांतून मागें जा, दुसरी वीज सुरू करा, अशीं कामें वाढत जातात. मध्यंतरीं एका भागांत तो जीव कथेंतून दूर होतो आणि त्याची जागा यांत्रिक माणसें घेतात. ‘वर्किंग जो’ नांवाचीं हीं माणसें प्रथम फार परिणामकारक वाटतात. रबरी चेहरा, विझलेले डोळे, आणि गळा दाबतांनाही सभ्य कारकुनाची भाषा! पण तीं वारंवार येऊं लागलीं कीं भय ओसरतें, आणि त्यांना पाडावयास लागणारा वेळ तेवढा जाणवत राहतो.

तिसरा दोष सूक्ष्म आहे. तो जीव मारूं शकतो म्हणून आपण भितों. परंतु त्यानें एकाच जागीं पुनःपुन्हां मारलें, तर भीति उरत नाहीं. दहाव्यांदा मेलेला माणूस घाबरत नाहीं, चिडतो. सूत्रधार त्या जीवाला खेळणाऱ्याच्या आसपासच घोटाळत ठेवतो; त्यामुळें कधीं कधीं कपाटांत बसून निव्वळ वाट पाहावी लागते. मीं पहिल्या सायंकाळीं ज्या पांच मिनिटांत यंत्र बिघडलें असें समजलों, तीं पांच मिनिटें नातवाच्या दृष्टीनें उत्कंठेचीं होतीं. पण तींच पांच मिनिटें चौथ्यांदा आलीं तेव्हां त्यानेंही जांभई दिली, हें मीं पाहिलें आहे.

याच कारणांमुळें समीक्षकांत दोन तट पडले. कित्येकांनीं या खेळाला या जातींतील उत्कृष्ट कृति म्हटलें; तर एका प्रख्यात परीक्षण-संस्थेनें दहापैकीं ५.९ गुण दिले. माझ्या शाळेंत एकाच निबंधाला दोन परीक्षकांकडून इतके भिन्न गुण पडते, तर मी म्हटलें असतें कीं निबंधांत कांहीं विशेष असला पाहिजे. २०१५ च्या मार्चअखेर या खेळाच्या २१ लक्षांहून अधिक प्रति खपल्या. काळ लोटला तशी त्याची कीर्ति वाढत गेली. २०२१ च्या डिसेंबरांत तो मोबाइलवरही आला. आणि दहा वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, ऑक्टोबर २०२४ मध्यें, त्याचा पुढील भाग हातीं घेतल्याचें मूळ रचनाकारांचे प्रमुख अल होप यांनीं जाहीर केलें.

येथें शुद्धलेखनाच्या जुन्या शिक्षकाला एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. याच चित्रपटमालिकेवर दुसऱ्या एका मंडळीनें २०१३ सालीं ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’ नांवाचा खेळ काढला होता. त्यांतील जीव इतके मूर्खासारखे वागत कीं लोकांनीं त्यांचा उपहास केला. पांच वर्षांनीं, २०१८ मध्यें, असें उघडकीस आलें कीं त्या खेळाच्या आज्ञापत्रिकेंत ‘टेदर’ या इंग्रजी शब्दांत एक ‘ए’ हें अक्षर चुकून अधिक पडलें होतें. त्यामुळें यंत्राला ती आज्ञाच समजत नव्हती. तें अक्षर खोडतांच ते जीव पुष्कळ शहाण्यासारखे वागूं लागले. छत्तीस वर्षें मीं मुलांना सांगितलें कीं, एका अक्षरानें अर्थ बिघडतो. पण राक्षसाची अक्कलही जाते, हा दाखला माझ्यापाशीं नव्हता.

श्रोतेहो, आतां ज्या कारणासाठीं मी हें भाषण करावयास तयार झालों तें सांगतों. सुटी संपतां संपतां एका रात्रीं नातवानें खेळ थांबविला आणि विचारलें, “आबा, तुम्हांला खरी भीति कधीं वाटली होती?”

आमच्या घरांत ती गोष्ट बोलली जात नाहीं. १९९३ सालीं मी उमरगा तालुक्यांतील एका खेड्यांत शिक्षक होतों. २९ सप्टेंबरला गणपतीचें विसर्जन झालें, गांव उशीरां झोंपलें, आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं जमीन हालली. लातूर जिल्ह्यांतील किल्लारी, आमच्या जिल्ह्यांतील सास्तूर आणि आसपासचीं खेडीं क्षणांत मोडून पडलीं. आमच्याकडील घरें दगडमातीच्या जाड भिंतींचीं आणि वर माळवदाचा भार. उन्हाळ्यांत गारवा देणारीं तींच घरें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. सुमारें दहा हजार माणसें गेलीं. ५२ गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं. मी पत्र्याच्या खोलींत राहत होतों, म्हणून वांचलों.

मीं नातवाला खरें तें सांगितलें. त्या पहाटे मला भीति वाटलीच नाहीं. भीति वाटावयास कांहीं तरी येणार आहे अशी चाहूल लागावी लागते. तेथें ठिपका दिसला नाहीं, टिक्-टिक् झाली नाहीं. दिवसभर आम्ही दगड उचलले. भीति मागाहून आली. पुढें दोन वर्षें रस्त्यानें एखादी मालमोटार गेली कीं मी दाराकडे धांवत असें.

आणखी एक गोष्ट मीं त्याला सांगितली; ती मीं कोणालाही सांगितली नव्हती. त्या हिंवाळ्यांत पत्र्याच्या छपराखालीं शाळा भरूं लागली. मधल्या सुटींत मुलें एक खेळ खेळत. विटा एकावर एक रचावयाच्या, वर पाटी ठेवावयाची, आणि आंत चिंध्यांची बाहुली निजवावयाची. एक मूल “हाललं, हाललं!” म्हणून ओरडे, दुसरें विटा ढकली, आणि मग सारीं मिळून बाहुलीला बाहेर काढीत. कधीं ती वांचे, कधीं नाहीं. मला तें पाहवेना. ज्यांच्या घरचीं माणसें गेलीं तींच मुलें मरणाचा खेळ मांडतात, हें मला अभद्र वाटलें. एके दिवशीं मीं त्यांच्या विटा फेकून दिल्या आणि दोघांच्या हातांवर छडी मारली. खेळ बंद झाला. एक लहान मुलगी तेवढी माझ्यापाशीं येऊन म्हणाली, “गुरुजी, आज तिला आमी काढणार होतो.”

त्या वेळीं मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाहीं. तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, नातवाच्या शेजारीं बसून मीं तीच अमांडा त्याच बोळांत पंधरा वेळां मरतांना आणि सोळाव्या वेळीं निसटतांना पाहिली, तेव्हां तें वाक्य मला पुन्हां ऐकूं आलें. त्या मुलांना मरणाची हौस नव्हती. जें एकदांच घडलें आणि ज्यांत त्यांना कांहींच करतां आलें नाहीं, तें तीं आपल्या हातानें पुनःपुन्हां मांडीत होतीं. एखाद्या खेपेस तरी बाहुली वेळेवर बाहेर निघावी म्हणून. मीं त्यांची तीच खेप हिरावून घेतली. शिक्षक म्हणून माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांत ही मी मोठी समजतों.

यावरून प्रत्येक भयाचा खेळ हितकारक असतो, असें मात्र कोणीं समजूं नये. मुलांनीं आपल्या दुःखांतून स्वतः रचलेला खेळ वेगळा, आणि धंद्यासाठीं रचलेला वेगळा. युरोपांत हा खेळ १८ वर्षांवरील व्यक्तींसाठीं ठरविला आहे, अमेरिकेंत १७ वर्षांवरील. तो मोबाइलवर मिळतो म्हणून लहान मुलाच्या हातीं जाऊं देणें सर्वथा अयोग्य होय. ज्याला झोंपेंत दचकण्याची खोड आहे, ज्यानें नुकताच एखादा आघात सोसला आहे, त्यानेंही यापासून दूर राहावें. पण घरांतील जाणता मुलगा किंवा मुलगी असा खेळ खेळत असेल, तर दारांतूनच “काय हें वेड!” असें म्हणून जाऊं नका. एक खुर्ची ओढून शेजारीं बसा. त्या खेळांत त्याला काय जिंकावयाचें आहे, हें विचारा. मीं बसलों नसतों, तर नातवानें मला तो प्रश्न विचारला नसता, आणि मीं त्याला उत्तर दिलें नसतें.

माझी हकीकत ऐकून तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें हेडफोन काढून माझ्या कानांवर चढविले आणि म्हणाला, “आतां तुम्ही खेळा.” कोणती कळ कशासाठीं हें समजेपर्यंतच मी एका भिंतीवर तीनदां आदळलों. चौथ्या मिनिटाला मागें कांहीं घासल्यासारखें झालें. जवळच कपाट होतें, पण माझें बोट चुकीच्या कळेवर पडलें. पडदा काळा झाला, आणि नातू पोट धरून हंसला. कांहीं वेळानें मीही हंसलों.

तो पुण्यास परत गेला आहे. जातांना त्यानें संगणकाजवळ एक कागद ठेवला. त्यावर कळांचीं नांवें मोठ्या अक्षरांत लिहिलीं आहेत. त्यांत शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्या मीं लाल शाईनें दुरुस्त केल्या आहेत. पहिल्या तीन दिव्यांच्या यंत्रापर्यंत पोंचावयास मला सहा दिवस लागले, आणि त्या रात्रीं सुदैवानें वीज गेली नाहीं.